दादांच्या नावावरची गाडी

अपघात आणि मरण हे दोन शब्द तोंडातून न काढता उभा जन्म विमा विकणारा माणूस आख्ख्या धाराशिव जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या वहिनींच्या माहेरचा, अणदूरचा निघाला. पोटापाण्यासाठी जिल्ह्यातल्याच आमच्या वाशीत आला आणि इथलाच झाला. वहिनी त्यांना अण्णा म्हणतात, ते वहिनींना अक्का, आणि सख्खा भाऊ नसल्याची उणीव त्यांनी वहिनींना कधी भासू दिली नाही. गिऱ्हाइकाला पॉलिसी समजावून सांगताना अण्णांचा जीव असा काही टांगणीला लागायचा की पाहत राहावं. "समजा, उद्या काही कमी-जास्त झालं... न्हाय न्हाय, तुमचं कशाला होतंय? ह्या शेजारच्या पाव्हण्यांचं धरा." शेजारचे पाहुणे दचकायचे, की अण्णा लगेच, "ह्यांचंबी न्हाय वो! तिकडं लांब, लातूरकडं कुणाचं तरी धरा." एकदा बाकावरचा एक जण शांतपणे म्हणाला, "म्या लातूरचाच हाय." अण्णांनी त्याला हात जोडले, चहा पाजला आणि त्या दिवशी आपलं विम्याचं दुकान लवकर बंद केलं. लोक सह्या करून जायचे, पण आपण नक्की काय घेतलं हे फार थोड्यांना कळायचं.

नव्या लायसनवाल्या पोरापोरींवर तर त्यांचा भारी जीव. त्यांना स्वस्तात पण पक्कं काहीतरी मिळावं म्हणून ते धाराशिवच्या हापिसात तासन्‌तास हुज्जत घालायचे. प्रत्येक नव्या पॉलिसीला अणदूरच्या खंडोबाचा भंडारा लागलाच पाहिजे, त्यामुळं तिथला कारकून अण्णांचे कागद आधी खिडकीबाहेर झटकून मगच टेबलावर घ्यायचा. शिवाय कागद करण्याआधी एक परीक्षा असे. अण्णा मागच्या सीटवर डोळे मिटून बसणार आणि पोरानं त्यांना स्टँडपर्यंत नेऊन परत आणायचं. "उघड्या डोळ्यांनी भ्या वाटतंय, मिटल्यावर हात कळतोय," असं त्यांचं शास्त्र. एकानं परत आणलं तेव्हा अण्णा चक्क घोरत होते. उठवल्यावर म्हणाले, "पास! झोप लागली म्हंजे हात चांगला हाय." स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात साधी लुनासुद्धा चालवली नाही.

दोन वर्षांपूर्वी माझे थोरले भाऊ, आमचे दादा, सकाळी अंघोळीला म्हणून उठले आणि छातीला हात लावून खाली बसले, ते बसलेच. माहेरचा भाऊ म्हणून दुखवट्याची साडी अण्णांनीच द्यायची होती. ते आले, रेक्झिनची पिशवी मांडीवर घेऊन दिवसभर ओसरीवर बसून राहिले, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत राहिले, आणि तिन्हीसांजेला ती साडी माझ्या पुतणीच्या, स्वातीच्या, वह्यांवर गुपचूप ठेवून निघून गेले. वहिनींसमोर जायची त्यांची छाती झाली नाही.

पुढं दादांच्या गाडीच्या विम्याची तारीख आली तेव्हा अण्णा नेहमीसारखे दारात उभे. "अक्का, गाडीचं आलंय." वहिनींनी पैसे दिले. पॉलिसी आली ती दादांच्याच नावानं. दुसऱ्या वर्षीही तेच. वहिनी दादांचं नाव कशावरूनही काढू देत नव्हत्या, अगदी रेशनकार्डावरूनही नाही, आणि ते काढा म्हणून सांगण्याची हिंमत ना अण्णांना होती ना मला. मी शाळामास्तर. गावाचे फॉर्म भरून देतो, लोकांना नियम शिकवतो. घरचा कागद मात्र मी दोन्ही वर्षं न वाचताच कपाटात ठेवला. खरं म्हणजे वाचूनच ठेवला.

यंदा स्वाती ईट गावच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. ड्युटीच्या वेळेला एसटी नाही, म्हणून तिनं गाडी शिकून लायसन काढलं आणि पहिल्यांदा तो कागद नीट वाचला. त्यात मालक म्हणून तिचे बाबा होते, आणि खाली मालकाच्या अपघाती मृत्यूचा विमा. गेली दोन वर्षं आम्ही वारलेल्या माणसाच्या मरणाचे हप्ते भरत होतो. तिनं बाहेर चौकशी केली, तर नव्या मालकाला नव्यानं विमा घ्यायचा म्हणजे आजवर दावा न केल्याची जुनी सगळी सूट जाणार आणि हप्ता तिच्या पगाराला झेपणार नाही. ती सरळ अण्णांच्या दुकानात गेली. "मामा, ह्या कागदावर म्या गाडी चालवू का? खरं सांगा." अण्णांनी खरं सांगितलं नाही. नुसता तो कागद ठेवून घेतला आणि तिला घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते घरी आले. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही. "अक्का, गाडीवरचं नाव बदलावं लागंल. लेकीच्या नावानं करू. वारस म्हणून जुनी सूटबी बरीचशी मिळंल, तेवढं म्या भांडून आणतो."

"नाव काढायचं न्हाय अण्णा. ह्यांच्या हौसेची गाडी हाय ती."

"पोरगी रोज रस्त्यानं जाणार. काही कमी-जास्त झालं तर..." अण्णा थांबले. लातूरकडच्या माणसाला या खेपेला त्यांनी मदतीला बोलावलं नाही. "तर तिच्या मागं कुणीच उभं राहणार न्हाय, अक्का. कागद खोटा हाय. म्या केलाय. तुमच्याम्होरं मला बोलता आलं न्हाय. मालक... तुमचे मालक..." माझ्याच्यानं वर बघवेना.

वहिनींनी त्यांचा निवलेला कप बाजूला सरकवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "वारले म्हणा, अण्णा. माझे मालक वारले. लिहा तुमी." दोन वर्षांत त्या घरात हा शब्द कुणी काढला नव्हता. त्या उठल्या, आतून मृत्यूचा दाखला आणला, जिथं सांगितलं तिथं सही केली, आणि मग दादा गेले त्या दिवशीही रडल्या नव्हत्या इतक्या रडल्या. माहेरच्या माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून.

अण्णांनी हापिसात चूक कबूल केली आणि महिनाभर हेलपाटे घातले. मधल्या दोन वर्षांची सूट गेली, दादा असतानाची स्वातीला मिळाली. आता ती गाडीनं ईटला जाते. दुकानात मात्र पूर्वीची गंमत राहिली नाही. कुणी पोरगं नवं लायसन घेऊन आलं की अण्णा पहिल्यांदा विचारतात, "गाडी कुणाच्या नावानं हाय? ते हयात हायेत का?" लोकांना राग येतो. कुणीकुणी तोंडावर म्हणतं, "सकाळच्या पारी असं इचारत्यात व्हय?" अण्णा मान खाली घालून बसतात, आणि उत्तर मिळेपर्यंत पेन उचलत नाहीत.