सहाव्या ढालीचा खिळा

आमच्या चाळीच्या तळमजल्यावर राहणाऱ्या कप्तानांइतका जिंकलेला आणि तरीही हरल्याबद्दलच ओळखला जाणारा माणूस सगळ्या गिरणगावात दुसरा झाला नाही. गिरणीत ते कापड विणायचे साचे चालवीत, पण गिरणीच्या हुतूतू संघाची शेवटची चढाई नेहमी त्यांची असे, म्हणून बायकोसकट सगळे त्यांना कप्तानच म्हणत. नळावर बादली भरली की ते हुतूतूचा दम घुमवीत निघत आणि ती मोरीत टेकवूनच श्वास सोडीत. मध्ये कुणी हाक मारली तर उत्तर मिळत नसे. हिंदमाताला लुगडं घ्यायला गेले तरी दुकानात चढाईसारखे शिरत. कापडाला हात लावून, भाव ऐकून, दुकानदाराने धरायच्या आत फुटपाथवर परत. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वैनी, म्हणत, "ह्यांच्याबरोबर बाजारात गेलं की लुगडं मिळत नाही, नुसता गुण मिळतो."

त्यांच्या भिंतीवर पाच अंतिम सामन्यांच्या पाच ढाली होत्या. सहाव्या सामन्याला निघण्यापूर्वी त्यांनी सहावा खिळा ठोकला. आधी ढाल तर येऊ दे, असं वैनी म्हणाल्या, तेव्हा ते फक्त हसले.

सामना डिलाईल रोडच्या मैदानात होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. मैदानाबाहेरून रोज एखादा मोर्चा जाई. गुण बरोबरीत होते आणि चढाई शेवटची. कप्तानांनी कोपऱ्यातला गडी टिपला, वळले, मध्यरेषा दोन हातांवर राहिली. तेवढ्यात रस्त्यावरून घोषणा आली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि कप्तान दोन्ही हात वर करून म्हणाले, "झालाच पाहिजे!"

दम तुटला. त्यांना धरायला आलेले गडीही तेच ओरडले होते, पण बचाव करणाऱ्यांना बोलायची बंदी नसते. पंचांनीही घोषणेसाठी हात वर केला होता, असं पाहणारे सांगतात. त्याच हाताने त्यांनी कप्तानांना बाद दिलं आणि ढाल दादरच्या संघाकडे गेली.

त्यानंतर चाळीला चाळाच लागला. कप्तान बादली घेऊन निघाले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी घोषणेचा पहिला अर्धा भाग सोडी. कप्तान बादली खाली ठेवीत, उरलेला भाग मोठ्याने पुरा करीत आणि पुन्हा नळापासून सुरुवात करीत. उत्तर देण्यात त्यांनी कधी कसूर केली नाही, पण मनातून ते झुरत. मी तेव्हा वर्तमानपत्रात नुकताच लागलो होतो. एकदा जिन्यात मला अडवून म्हणाले, "तुमच्या पेपरात माझ्या पाच ढालींचा नाव नाय. तुटलेल्या दमाचा मात्र आसा. मेल्यावरसुद्धा लोक ह्याच सांगतले?"  बातमी मीच लिहिली होती आणि ती खरी होती.

महाराष्ट्र झाला त्या सकाळी दादरच्या संघाचा कप्तान पेढे घेऊन आमच्या चाळीत आला. काखेत टॉवेलात गुंडाळलेली ढाल होती. ही तुमचीच, असं म्हणून त्याने ती पुढे केली. दारात सगळी चाळ जमली होती. कप्तानांनी ढालीवरून एकदा हात फिरवला आणि ती परत केली.

"ढाल मागून घेवची नसता. दम तुटलो तो तुटलो." मग सगळ्यांकडे पाहत म्हणाले, "पण बोललंय ता झाला ना?"

त्या दिवशी पेढे त्यांनी स्वतः वाटले आणि प्रत्येकाला खिळा दाखवला.

आता कप्तान नाहीत. भिंतीला चुना देताना वैनी पाच ढाली उतरवतात, पुसतात, पुन्हा लावतात; खिळा तेवढा कुणाला काढू देत नाहीत. नवा माणूस घरात आला की ढालींवरून त्याची नजर सरकत जाते आणि तो विचारतो, इथे काय होतं? वैनी पदराला हात पुसतात आणि त्याला बसायला सांगतात.