हळदीच्या मांडवापर्यंत आलेला वणवा

"मांडव काढा," मी म्हणालो.

डीजे चालू होता, म्हणून मला ते दोनदा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा सांगायला आणि डीजे बंद व्हायला एकच गाठ पडली. अख्ख्या गल्लीने ऐकलं. सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जसं काही मी नवरदेवच पळवायला आलोय.

आगरी घरात जाऊन हळदीच्या दिवशी मांडव काढा म्हणणं म्हणजे काय, हे नवी मुंबईकरांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. इथे लग्न एक वेळ साधं होईल, हळद साधी होत नाही. घरासमोरची सगळी गल्ली मांडवाखाली जाते. गुलाबी-पांढरं सॅटिन, प्लॅस्टिकची फुलं, झुंबरं, स्टेज. आणि या सगळ्याची सुरुवात होते दाराशी रोवलेल्या मेढीपासून. ही मांडवाची पहिली लाकडी मेढ. तिची पूजा होते. ती रोवली की लग्न लागेपर्यंत मांडवाला कोणी हात लावत नाही.

मी तेव्हा अग्निशमन दलात स्टेशन ऑफिसर होतो. मूळचा साताऱ्याकडचा, पण नोकरी सगळी इथेच झाली. कळंबोलीत पेटलेले ट्रक विझवले, सीवूड्सच्या टॉवरमधून माणसं खाली आणली. पण कोणी विचारलं की तुमचं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर मी या हळदीचं नाव घेतो. त्या दिवशी मी पेटलेलं काहीच विझवलं नाही, तरीसुद्धा.

झालं असं. खारघरच्या डोंगराला दुपारी वणवा लागला. होळी होऊन गेली होती, गवत कमरेएवढं आणि कडकडीत वाळलेलं. वणवा वर चढताना धावतो, उतरताना रेंगाळतो. पण त्या दिवशी वारा डोंगरावरून खाली वाहत होता, त्यामुळे तो उतरतानाही धावत होता. आणि त्याच्या वाटेत गावठाणातलं शेवटचं घर होतं, सुमनताई घरतांचं.

कॉल आला तेव्हा आमचे चीफसाहेब फोनवर म्हणाले, "डोंगर आपला विषय नाही, फॉरेस्टचा आहे. गाडी वर चढवू नकोस."

"डोंगरावर नाही जात साहेब. घराकडे जातोय."

"घराला आग लागलीय?"

"लागायच्या आत जातोय."

"मग जा लवकर," साहेब एवढंच म्हणाले.

बंब गल्लीच्या तोंडाशी जाऊन अडकला. पुढे मांडव. मी उतरून चालत आत गेलो, घराला वळसा घालून मागे बघितलं आणि डोक्याला हात लावला. घर पक्कं होतं, सिमेंटचं, दुमजली. गवताची आग असल्या घराला सहसा काही करत नाही. ती येते, गवत खाते, पुढे जाते. घर पेटतं ते ठिणग्यांनी. वाऱ्यावर उडालेली ठिणगी कपड्यावर, लाकडावर, पेंढ्यावर बसते, ते पेटतं, त्याच्या धगीने खिडकीची काच तडकते आणि आग आत शिरते. इथे मागच्या भिंतीला चुलीची लाकडं रचलेली. त्याच्या शेजारी आचाऱ्याचे गॅस सिलिंडर. मागच्या मैदानात, वाळक्या गवतावर, पाहुण्यांच्या गाड्या. आणि मांडवाचं सॅटिन थेट पहिल्या मजल्याच्या बाल्कनीला बांधलेलं. वणव्याला घरात शिरायला इतका चांगला रस्ता मी तरी कधी बघितला नव्हता.

म्हणून मी म्हणालो, मांडव काढा.

पुढे आले धर्मादादा, नवरदेवाचे चुलते. पांढरी पॅन्ट, पांढरा शर्ट, गळ्यात बोटाएवढी चेन.

"साहेब, आग डोंगरान हाय. तुमी डोंगरान जावा. पोरा देतो तुमाला, पन्नास पोरा."

"पोरं मला इथेच हवीत. डोंगरावर एकालाही जाऊ देणार नाही."

"मेढ रोवलीय. मांडव काढाचा नाय. आमचेत असा होत नाय."

"दादा, ठिणग्या यायला लागल्या की मांडव आपोआप निघेल."

"साहेब, बोलन्याला पन काय लिमिट हाय."

बोललो ते खरं होतं, पण बोलायची पद्धत चुकीची होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मागे धूर गल्लीवर यायला लागला होता. पोलीस बोलावून मांडव उतरवता आला असता, पण तेवढा वेळ नव्हता. मग मी विचारलं, "घर कोणाचं आहे?"

"माजा," आतून आवाज आला.

सुमनताई बाहेर आल्या. हळदीची पिवळी साडी, अंबाड्यात अबोली. नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने हे घर उभं केलं होतं. खालच्या खोल्या भाड्याने, वर स्वतः आणि मुलगा. या मुलाचं लग्न हे त्या घरातलं पहिलं कार्य. त्यांना अपशकुन परवडणारा नव्हता आणि घर जाणंही.

मी जास्त बोललो नाही. डेकोरेटरने कोपऱ्यात टाकलेला सॅटिनचा एक तुकडा उचलला, फरशीवर ठेवला आणि काडी लावली. भस्सकन पेटला. वितळलेले थेंब फरशीवर चिकटून जळत राहिले. मी बुटाने घासले तरी लगेच विझेनात.

"हे तुमच्या बाल्कनीला बांधलंय," मी म्हणालो.

सुमनताईंनी ते थेंब बघितले, मग बाल्कनी बघितली.

"मेढीला हात लावाल?"

"बोटसुद्धा लावणार नाही. माझा शब्द."

"मंग काढा बाकीचा. मेढ पूजली हाय आमी. कापड नाय पूजला."

"सुमन, लोका काय बोलतील?" धर्मादादा म्हणाले.

"बोलू द्या दादा. बोलाला तरी माजे दाराशीच येतील ना?"

त्यानंतर जे झालं ते बघायला तुम्ही तिथे असायला हवं होतं. मी डीजेवाल्याचा माईक घेतला. आयुष्यभर भोंग्यावर ओरडलो, पण असा साऊंड मला दलाने कधी दिला नाही. बायका, मुलं आणि म्हातारी माणसं गावदेवीच्या देवळात. गाडीवाल्यांनी आधी गाड्या काढायच्या. दहा जणांनी सिलिंडर गल्लीच्या पलीकडच्या टोकाला न्यायचे. बाकीच्यांनी मागची लाकडं उचलायची. घराच्या सगळ्या खिडक्या बंद, पडदे काढून आत. आचारी म्हणाला मटणाचा टोप सोडून मी हलणार नाही. मग टोपासकट आचारी हलवला.

आणि मांडव! ज्या पोरांनी तो दोन दिवस खपून बांधला होता, त्यांनीच तो बघता बघता उतरवला. नवरदेव नितेश, अंगावर मुंडावळ्यांशिवाय सगळा थाट, स्वतः बाल्कनीत चढून गाठी कापत होता. गल्ली मोकळी झाली, बंब आत आला. दाराशी फक्त मेढ उरली, आंब्याचा डहाळा बांधलेली.

एक कमान मात्र राहिली. मैदानाच्या डोंगराकडच्या टोकाला धर्मादादांनी पार्किंगसाठी मोठी स्वागत कमान उभारली होती. वर त्यांचाच हसरा फोटो, खाली "शुभेच्छुक". ती काढायला पोरं निघाली तर दादांनी अडवलं. "ती घरापासून लांब हाय, ऱ्हाऊं द्या." खरंच लांब होती. मी वाद घातला नाही.

आता राहिलं मैदानातलं गवत. ते कापत बसायला वेळ नव्हता, म्हणून जाळायचं ठरवलं. याला जाळपट्टा म्हणतात. आग येण्याआधी आपणच घरालगतचा पट्टा जाळून टाकायचा, म्हणजे वणवा आला की त्याला खायला काही उरत नाही. वाऱ्याच्या विरुद्ध लावलेली आग हळूहळू सरकते, तिला ताब्यात ठेवता येतं. आमच्या फायरमन कदमने होजचा पाइप धरून भिंतीच्या कडेला पाण्याची ओळ मारली आणि मी गवताला काडी लावली.

"ओ साहेब," एक पोरगा म्हणाला, "बंबवालेच आग लावतात काय?"

"पगार त्याचाच आहे," मी म्हणालो. "गोणपाटं भिजव."

गोणपाटं कशी आपटायची हे त्या पोरांना शिकवावं लागलं नाही. त्यांच्या घरात भाताच्या रोपासाठी राब, म्हणजे जमिनीवर पसरलेला पालापाचोळा, भाजलेले लोक होते, हात आपोआप चालत होते. काळा पट्टा घरापासून डोंगराकडे सरकत गेला.

मग वणवा आला. आवाज आधी आला, मोठ्या कढईत एकदम फोडणी पडल्यासारखा. उतारावरून आगीची ओळ मैदानात उतरली. ठिणग्या डोक्यावरून उडत घरापर्यंत आल्या, स्लॅबवर पडल्या, अंगणात पडल्या, उतरवून ठेवलेल्या बांबूंवर पडल्या आणि काही पेटवता न आल्याने विझल्या. दोन-चार कमानीवर बसल्या. धर्मादादांचा फोटो कोपऱ्यापासून आत वळत गेला, मग सगळी कमानच मशालीसारखी पेटली. दादा माझ्या शेजारीच उभे होते.

"घराला बांदलेला कापड असाच पेटला असता?" त्यांनी विचारलं.

"असाच."

ओळ आमच्या काळ्या पट्ट्यापर्यंत आली आणि बसली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराने म्हणा. माझ्याही होतं आणि ते सगळं धुराचं नव्हतं.

चीफसाहेबांना फोन लावला.

"डोंगर विझला?"

"नाही साहेब. घर वाचलं."

"नुकसान?"

"एक कमान. एक मोठा फोटो."

हळद त्याच संध्याकाळी लागली. उघड्या आभाळाखाली, एका मेढीपाशी, काळ्या पायांनी आणि धुराच्या वासाने भरलेल्या कपड्यांत. सुमनताईंनी पहिली हळद मेढीला लावली, दुसरी मुलाला आणि तिसरी माझ्या गालाला. ड्युटीवर आहे म्हटलं तर म्हणाल्या, "आमची पन ड्युटीच हाय." उशिरा आलेल्या एका पाहुणीने विचारलं, मांडव कुठे गेला? सुमनताई म्हणाल्या, "मांडव काढला. म्हनून दाराशी उभी हायेस."

तेव्हापासून दर वर्षी होळीच्या आधी गावातली पोरं त्या मैदानातलं गवत काढतात आणि पुढे धर्मादादा असतात. डोंगराखाली राहणाऱ्यांना मी एवढंच सांगतो. भिंतीला लाकडं रचू नका, गवत वाळायच्या आत काढा, गल्लीत बंब शिरेल एवढी वाट ठेवा. वणवा डोंगरावरून येतो खरा, पण घर पेटवायला लागणारं सामान आपणच हौसेने आणून घराला बांधलेलं असतं.