मामांनी लावलेली अक्षरं

आमच्या हिच्या मामांनी दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा कधी बिघडत नसे, कारण ती पुन्हा चालूच होत नसे. हे पक्कं ठाऊक असूनही एका दसऱ्याला मी स्वतः फोन करून त्यांना बोलावलं, कारण घोळ माझाच होता. घरातल्या हत्यारांची पूजा चालली होती. विळी झाली, स्कूटर झाली, शिवणयंत्र झालं, आणि हिचा नवा कॉम्प्युटर तेवढा कोरडा राहिला म्हणून मला वाईट वाटलं. मग हळद-कुंकू, अक्षता, झेंडू आणि वर त्र्यंबकेश्वरहून आणलेलं कुशावर्ताचं तीर्थ, चांगलं पळीभर. यंत्राने तीर्थ घेतलं आणि समाधी लावली. कीबोर्डवर काही दाबावं तर उमटेना, माऊस कितीही फिरवला तरी पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

ही पुऱ्या तळायला जरा उठली होती, आणि पडद्यावर नांदगावच्या एका सरांच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण सेव्ह न करता तसंच उघडं होतं. घरी टायपिंगची कामं घ्यायला तिने नुकतीच सुरुवात केली होती. हे पहिलंच मोठं काम. सर दुसऱ्या दिवशी सकाळी छापील प्रत न्यायला येणार होते. कॉम्प्युटर बंद करावा तर सकाळपासूनची मेहनत पुसली जाणार, चालू ठेवावा तर ती जपून ठेवायला कीबोर्ड नाही की माऊस नाही. दुरुस्तीवाल्याच्या दुकानाला सणाचं कुलूप. ही माझ्याकडे नुसती बघत होती. बोलली असती तर परवडलं असतं.

मामा पंचवटीत एकटे राहत. भूगोल शिकवून निवृत्त झालेले. मामी गेल्यापासून त्यांनी नातेवाइकांच्या बिघडलेल्या वस्तूंना स्वतःला वाहून घेतलं होतं. 'चालू वस्तू उघडून पाहिल्याशिवाय बंद वस्तूचं दुखणं कळत नाही' हा त्यांचा सिद्धांत. त्यापायी आमच्या आजारी रेडिओसोबत एक धडधाकट टेपरेकॉर्डरही सती गेला होता. काम करताना स्क्रू ओठांत धरून ते बोलत, त्यामुळे सूचना कुणाला कळत नसत आणि चुकल्याबद्दल ओरडा मात्र सगळ्यांना बसे. शेवटी मूठभर स्क्रू उरत. ते आमच्या हातावर ठेवत म्हणायचे, "कंपनी जास्तीचे घालते हो. जपून ठेवा."

तर मामा मोपेडवरून आले, आपट्याचं सोनं दिलं, श्रीखंड-पुरी जेवले, श्रीखंड पुन्हा मागून घेतलं, आणि मग मिशा पुसत म्हणाले, "बंद करून चालू करू."

"मामा, नाही!" ही भिंतीवरच्या स्विचबोर्डापुढे हात पसरून उभी राहिली. "बंद केलं तर माझं सगळं जाईल."

"जातंय कुठे, बेबी? यंत्रातच राहील ना."

"नाही राहत हो!"

मामांचा चेहरा उतरला. हातचं एकुलतं एक औषध हिरावून घेतलेल्या वैद्यासारखा. मग त्यांनी कीबोर्ड मागून उपटला, वर्तमानपत्रावर उपडा केला आणि पाठीत धपाटे घातले. अक्षता पडल्या. झेंडूच्या पाकळ्या पडल्या. आणि मग शेव पडली. बरीच.

"जावईबापू, डॉक्टरांनी तुमचं तळलेलं बंद केलंय ना?"

"जुनी असेल."

मामांनी एक उचलून तोंडात टाकली. "छे, कुरकुरीत आहे."

यापुढे माझ्याकडे बघणारे दोघं झाले.

मामांनी चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उपसलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आतला ओलावा वर्तमानपत्राने वारा घालून वाळवला. माऊसच्या पोटातली गोळी साबण लावून धुतली. ती हातातून निसटली आणि मोरीच्या भोकातून गेली ती गेलीच. मामा म्हणाले, "चला, एक काम कमी झालं." एवढं होईतो दिवेलागण झाली. कीबोर्ड परत जोडला, त्यावरचे हिरवे दिवे लुकलुकले, आणि माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात बटणांकडे लक्ष गेलं. डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ओळीने थेट झेडपर्यंत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी.

"मामा, हे काय केलंत?"

"कंपनीने वाट्टेल तशी खोचली होती. मी शिस्तीत लावली. पोरीला शोधत बसायला नको."

मी डोक्याला हात लावला. ही मात्र शांतपणे खुर्चीत बसली. लग्नाआधी टायपिंगच्या क्लासात तिने हातांवर फडकं टाकून सराव केलेला; अक्षरं कुठे आहेत ते तिच्या बोटांना ठाऊक, त्यांच्यावर काय छापलंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. दोन बोटं नेहमीच्या जागी गेली, दाबली, आणि प्रकरण सेव्ह झालं. मग सरांच्या हस्तलिखितावर नजर ठेवून तिने माऊसवाचूनच उरलेली पानं झपाट्याने उतरवली. प्रिंटर करकरायला लागला.

मामा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते. "पाहिलंत जावईबापू? सरळ लावल्यावर पोरीला कसा वेग आला!" मामींच्या माघारी मी त्यांना इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. जाताना उंबऱ्यावरून मागे वळून त्यांनी तो कीबोर्ड पुन्हा एकदा बघून घेतला.

मोपेडचा आवाज गल्लीच्या टोकाशी विरला, तसा मी चमचा घेऊन बसलो. पहिलं बटण उपसणार, तोच हिने माझा हात धरला.

"राहू द्या. पुढच्या वेळी आले की आधी तेच बघतील."

"अगं, पण अक्षरं सापडायची कशी?"

"मला कुठे शोधावी लागतात?" छापलेली पानं जुळवत ही म्हणाली. "आणि तुम्हाला आधी तरी कुठे सापडत होती?"