विहीणबाईंची कुजबुज

आल्याच्या चहाचा वास आला की शिवाजी पार्कजवळच्या वाचनालयातला तो यिडिशचा वर्ग आठवतो. लेकीची परदेशातली ज्यू सासू व्हिडिओ कॉलवर माझ्याकडे बघत नवऱ्याशी यिडिशमध्ये कुजबुजायची. नक्की माझ्याबद्दलच! म्हणून मी गुपचूप वर्गात नाव घातलं. शिकवणाऱ्या बाईंनी चहा देत विचारलं, "काकू, यिडिश कशाला?" "आवड," मी म्हटलं. काही महिन्यांनी कॉल चालू असताना मी यांना हळूच म्हणाले, "अहो, विहीणबाई केवढ्या सुटल्यात!" तेवढ्यात विहीणबाई नवऱ्याकडे झुकल्या आणि पहिल्यांदाच मला त्यांचं अख्खं वाक्य कळलं, "बघ, परत माझ्याबद्दलच बोलतेय." मी गोड हसले. हल्ली मात्र मी मराठीत काही पुटपुटले की त्याही तश्शाच गोड हसतात. तिकडेही कुठेतरी वर्ग निघालाय.