एक्स उडाल्यावर उरलेलं

चोपड्याच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून उषाताई लग्न होऊन पिंप्राळ्यात आल्या आणि बघता बघता अख्ख्या कॉलनीच्या गणिताच्या ताई झाल्या. त्यांची शिकवायची रीत न्यारी. प्रत्येक नियम गाण्यात बसवायचा. समीकरणात दोन्ही बाजूंचा एक्स कटला, की पोरं एका सुरात ओरडत, "एक्स उडाला, उत्तर बुडालं!" आणि खाली लिहीत, 'उकल नाही'. रिक्षा लावून घरात शिरणारा नवरा ईश्वर हसायचा, "गल्लीमा बठ्ठा पोरे तुनंच गाणं म्हणतस!" गल्लीतली सगळी पोरं आपलंच गाणं म्हणतात, हे ताईंना गोड लागे.

आठवीतल्या आयुषीला मात्र एकदा ते गाणं अडलं. 2(x + 3) = 2x + 6. एक्स उडाला, पण मागे सहा बरोबर सहा उरलं. तिने एक्सच्या जागी एक घातला, जमलं. दहा घातला, तरी जमलं.

"ताई, इथे तर कोणतीही संख्या चालते."

"गाणं काय म्हणतं? खोड ते."

पोरीने खोडलं.

शाळेच्या चाचणीत नेमकं तसंच समीकरण आलं. आयुषीने 'उकल नाही' लिहिलं आणि फुली मिळाली. संध्याकाळी तिचे वडील, कापडाचे व्यापारी निर्मलकुमार, तिला घेऊन ताईंच्या दारात उभे राहिले.

"उषाताई, तुम्ही एवढा जीव ओतता अन् हिचं लक्ष भलतीकडे. म्हणे गणिताच्या स्पर्धेला बसायचं! उद्या नावच काढून टाकतो."

ताईंनी पेपर हातात घेऊन ते समीकरण पाहिलं. एक्स उडून पाच बरोबर नऊ असं काही उरलं तर ते कधीच खरं होणार नाही. सहा बरोबर सहा मात्र सदा खरं. त्यांच्या गाण्याने दोन्ही एकाच दावणीला बांधलं होतं. आयुषी मान खाली घालून उभी होती, आणि तेच ताईंना बोचत राहिलं. पाणी आणते म्हणून त्या आत गेल्या, माठाशी नुसत्याच उभ्या राहिल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या.

"निर्मलभाऊ, चूक माझी आहे. मीच तसं शिकवलं."

ते मोठ्याने हसले. "तुम्ही पोरांना पाठीशी घालणाऱ्या! मला नका सांगू."

इतक्या वर्षांत कमावलेला विश्वास असा आडवा आला. ताईंनी फळ्यावर समीकरण लिहिलं.

"कोणतीही संख्या सांगा."

"पंधरा."

"अठरा दुणे छत्तीस. इकडे तीस आणि सहा, छत्तीसच."

"सव्वा घ्या," म्हणत त्यांनी व्यापाऱ्याच्या सवयीने तोंडीच हिशेब केला. "सव्वाचार दुणे साडेआठ. अन् इकडे अडीच आणि सहा..." ते थांबले. "साडेआठच की हो!"

"भाऊ, दोन्ही बाजू एकच आहेत, फक्त मांडणी वेगळी. काहीही घाला, खरंच ठरणार. उत्तर बुडालेलं नाही. सगळ्याच संख्या उत्तर आहेत."

निर्मलकुमार लेकीकडे वळले. "मग तू बोलली का नाहीस, बेटा?"

"बोलले होते, पप्पा. ताईंनी खोडायला लावलं."

ताईंना वाटलं, आता निर्मलभाऊंनी आपल्याला चार शब्द सुनवावेत. त्यांनी फक्त चपला घातल्या. "नाव राहू दे स्पर्धेत," ते आयुषीला म्हणाले, आणि नेहमीच्याच अदबीने, "येतो, ताई."

आयुषी उद्या शिकवणीला येईल का, हे विचारायला ताईंची जीभ रेटली नाही.