किनाऱ्याला लागलेला बोया

परवा तोंडवलीच्या वाळूत एक पिवळा बोया दिसला. जाळं तरंगत ठेवणारा तो गोळा उचलला, तर त्याला डिझेलचा वास येत होता, आणि मी पुन्हा बारावीत तर्कशास्त्र शिकणारी मुलगी झाले.

वादळानंतर बाबांची होडी परतली नव्हती. काका असाच बोया घेऊन अंगणात आले. त्यावर बाबांनी ओढलेली लाल पट्टी होती. शेजारणी रडू लागल्या. आईने मात्र माझ्याकडे पाहिलं.

"तुझा तर्कशास्त्र काय सांगता गो? होडी बुडली?"

मी म्हटलं, "होडी बुडली तर बोयो किनाऱ्याक लागता. पण जाळा तुटला तरी लागता. बोयो गावलो म्हणान होडी बुडलीच, असा नाय."

"मगे रडतास कित्याक?" आई सगळ्यांवर ओरडली. "जावन बघा!"

काका दुसरी होडी घेऊन गेले. दिवस कलेपर्यंत आई तो बोया मांडीवर घेऊन बसली होती. शेवटी काकांनी मिठबावच्या बाजूने बाबांसकट त्यांची होडी ओढून आणली. जाळं तुटलं होतं आणि इंजिन बंद पडलं होतं.

"माझ्या चेडवाच्या तर्कान घोवाक परत हाडल्यान," लेकीच्या तर्कानेच नवरा परत आला, असं आई अजून सांगते. मी तिला कधीच सांगितलं नाही की बाबा आले नसते, तरी माझं वाक्य तितकंच बरोबर राहिलं असतं.