नारिंगी शर्टांचा दिवस

माझ्या व्याह्यांबद्दल दोन पानं लिहा, असं सुनेने सांगितलं तेव्हा मी चष्मा पुसत बसलो. खरं म्हणजे मला ते फारसे ठाऊकच नव्हते. शिंपी होते, चहात साखर जास्त घ्यायचे आणि गळ्यातली टेप जेवतानाही काढायचे नाहीत, एवढंच. म्हणून मुलं त्यांना टेपआजोबा म्हणत. वर्षाकाठी दोनदा भेट. मी बोलायला बुजणारा आणि त्यांच्या तोंडात बहुधा टाचण्या.

एक दिवस मात्र लख्ख आठवतो.

आम्ही सहाजण तीन दिवसांसाठी शहर बघायला गेलो होतो. पहिल्याच सकाळी हॉटेलच्या जिन्यात सुनेचा पाय मुरगळला. मुलगा तिच्यापाशी थांबला आणि सहा वर्षांची नात, चार वर्षांचा नातू आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या हवाली झाले. सून दोघांनाही बाबाच म्हणते, त्यामुळे तिला एका दमात दोघांना रागावता येतं.

"बाबा, चारच्या आत परत. जशी नेलीत तशी आणायची. एक जरी हरवलं, तर उरलेले दोन दिवस चौघांनी या खोलीत बसायचं."

"आणि उद्याची बोट?" नातीने विचारलं.

"बोटही नाही."

"अगं, हरवतायत कसली!" म्हणत व्याह्यांनी पिशवीतून चार नारिंगी शर्ट काढले. "एवढं भडक कापड दुकानात कोणी घेईना. आता मैलावरून दिसू."

माझं माप त्यांनी कधीच घेतलं नव्हतं. तरी शर्ट मला अगदी अंगासरसा बसला.

दुमजली बसने आम्ही चौकात उतरलो. नातवाला शू लागली. व्याह्यांनी छत्री उंच धरली, "चला, माझ्या मागे!" म्हणाले आणि निघाले. थोड्या वेळाने मी मागे बघितलं, तर बावीस माणसं गळ्यात कॅमेरे अडकवून आमच्या पावलावर पाऊल टाकत येत होती. शहर दाखवणाऱ्या गाइडांचे शर्टही नारिंगीच असतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"व्याही, लोक मागे येतायत हो."

"येऊ देत. त्यांनाही लागली असेल."

संडासाच्या दाराचे फोटो निघाले. एका बाईंनी विचारलं, "ही इमारत किती जुनी?"

"इमारतीचं ठाऊक नाही, बाई, पण तुमच्या कोटाची खांद्यावरची शिवण उसवतेय."

सगळे खो खो हसले. गैरसमज झाल्याचं मी चाचरत सांगितलं, पण कोणी हलेचना. मग घोड्यावर बसलेल्या सरदाराच्या पुतळ्यापाशी व्याही चौथऱ्यावर चढले. टेपचं दुसरं टोक नातीच्या हातात. "बूट तेवीस इंच! आणि ही डावी बाही दीड इंच आखूड. शिंप्याने फसवलंय बिचाऱ्याला." टाळ्या पडल्या. मीसुद्धा वाजवल्या.

"आता शेपूट मोजा!" नातू ओरडला. पण तेवढ्यात त्याच्या हातातलं आइसक्रीम शर्टावर सांडलं. व्याह्यांना डाग म्हणजे डोळ्यात कुसळ. "ओला असतानाच निघतो," म्हणत त्यांनी पोराचा शर्ट काढला, टेप चौथऱ्याच्या काठावर ठेवली आणि नळावर जाऊन शर्ट घासत बसले. माझ्या हातात आइसक्रीमचे तीन कोन. वळून बघतो, तर नातू नाही.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

"नारिंगी शर्टातला लहान मुलगा पाहिलात का?" मी दिसेल त्याला विचारत सुटलो. बावीस माणसंही बावीस दिशांना नारिंगी शर्ट शोधायला पळाली.

"आजोबा, शर्ट तर इथेच आहे!" नात रडवेली होऊन म्हणाली. व्याह्यांच्या हातातून तो टपटप गळत होता.

त्यांचा हात सवयीने गळ्याकडे गेला, मग नजर काठाकडे.

"टेप कुठाय?" आणि ते धावले. मी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं.

पुतळ्याच्या मागच्या बाजूला, घोड्याचं शेपूट चौथऱ्याला टेकतं तिथे, बनियनमधला नातू पालथा पडला होता.

"टेपआजोबा, टेप संपली, शेपूट संपतच नाही!"

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही खोलीत हजर झालो.

"हा ओला का?" सुनेने विचारलं.

"आई, आम्ही बावीस लोकांना शहर दाखवलं!" नात म्हणाली.

"हरवलं नाही ना कोणी?"

व्याही जमिनीकडे बघू लागले. मला खोटं बोलता येत नाही. "थोडा वेळ," मी म्हणालो. "पण टेपेमुळे सापडला." आणि सगळं सांगून टाकलं. आयुष्यात एवढं मी एका दमात कधी बोललो नसेन. शेपटापर्यंत आलो तेव्हा सून पाय धरून हसत होती.

"उद्या बोटीवर मी लंगडत येते. तुम्हा दोघांवर कोणी सोडायचं! मला आहे का शर्ट?"

व्याह्यांनी पिशवीतून आणखी दोन काढले. "तुमचेही शिवलेत. घालणार नाही म्हणाल, म्हणून गप्प होतो."

पुढच्या सुट्टीच्या आधीच ते गेले. जाण्याच्या महिनाभर आधी त्यांचा फोन आला होता.

"व्याही, यंदा पोपटी मिळालंय. चालेल?"

"फार भडक आहे का हो?"

"डोळे दिपतील."

"मग चालेल. माझं माप पाठवू का?"

"छे, ठाऊक आहे."